आजोबांचं नाव सातबाऱ्यावर सापडत नाही, मग घराणं शोधायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलंय की नाही ते बघता येईल. तुमचे आजोबा तरुणपणी गाव सोडून मुंबईला गिरणीत लागले, नंतर गावाशी संबंध तुटला, वडीलही आता नाहीत. घरात एकच जुना कागद राहिलाय, त्यावर गावाचं नाव आणि पुढे "ता. खानापूर, जि. द. सातारा" एवढंच आहे. तुम्ही ऑनलाईन सातारा जिल्हा उघडलात तर त्यात खानापूर तालुकाच नाही, मग बेळगावकडचं खानापूर बघितलंत तर तिथे ते गाव नाही, आणि शेवटी कुणीतरी सांगितल्यावर सांगलीत गाव सापडलं तर आजोबांच्या नावाचा एकही सातबारा नाही. आता विचारताय की पणजोबा कोण, त्यांचे भाऊ कोण, आज त्या घरातलं कुणी आहे का, हे सरकारी कागदावरून कळेल का.

कळेल, बऱ्यापैकी कळेल. पण त्यासाठी नाव शोधणं आधी थांबवा. जुन्या गावदफ्तरात माणूस नावाने सापडत नाही, जमिनीच्या नंबराने सापडतो. मी भूमी अभिलेखात नोकरी केली आणि आता मोडी कागद वाचून देतो, आणि ज्यांना ज्यांना दोन-तीन पिढ्यांच्या वर जाता आलं ते सगळे नंबराच्या मागे गेलेले लोक होते, नावाच्या नाही.

आधी जिल्ह्याचा घोळ मिटवू. जुना सातारा जिल्हा ऑगस्ट १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण असा फोडला आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे तुमच्याच गावाच्या कागदावर १९४९ च्या आधी "जि. सातारा", मग "द. सातारा" आणि नंतर "सांगली" अशी तीन नावं येतील, गाव जागच्या जागी. तुमच्या कागदावर "द. सातारा" आहे म्हणजे तो साधारण १९४९ ते ६० मधला आहे, हेही त्यातून कळतंच. खानापूर तालुक्याची कचेरी विट्याला. पण आजचा कडेगाव तालुका याच खानापुरातून निघालाय, त्यामुळे गाव आज कुठल्या तालुक्यात आहे ते बघून घ्या. जुनं दफ्तर नव्या तालुक्याला गेलंय की विट्यालाच राहिलंय हे दोन्हीकडे विचारावं लागतं, याला एकच एक नियम नाही. आणि गाव आटपाडीच्या बाजूचं असेल तर तो भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता, तिथे त्याआधीच्या कागदांची वाट वेगळी आहे, ते मी इथे धरत नाही.

आता मुख्य अडचण, आजोबांचं नाव का नाही.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे एकत्र कुटुंब. बाप मेला की जमीन थोरल्या मुलाच्या नावावर लागायची आणि त्याच्या नावापुढे "ए. कु. मॅ." किंवा "ए. कु. पु." लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब पुढारी. धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांच्या आत असतात, त्यांची नावं उताऱ्यावर येतच नाहीत. मुंबईला कोण जायचं, तर जमीन पुरत नाही म्हणून बहुतेक वेळा धाकटाच जायचा. म्हणजे तुमचे आजोबा जमिनीच्या कागदावर नसणं यात काहीच नवल नाही, तुम्हाला त्यांच्या थोरल्या भावाचं किंवा वडिलांचं नाव शोधायचंय. दुसरं कारण आडनाव. मुंबईत गेल्यावर बऱ्याच जणांनी गावावरून "-कर" लावून घेतलं किंवा शाळेत मास्तरांनी लावलं, आणि गावात भावकीचं आडनाव वेगळंच आहे. त्यात जुन्या नोंदीत आडनाव कित्येकदा लिहिलेलंच नसतं, नुसतं "रामजी बिन सखाराम". बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, बाईच्या नावापुढे "कोम" किंवा "भ्र." असेल तर अमक्याची बायको, एवढं डोक्यात ठेवा, सारखं लागेल. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे रामजी बिन सखाराम, त्याचा मुलगा सखाराम बिन रामजी, त्याचा परत रामजी बिन सखाराम अशी साखळी चालते, शिवाय चुलत घरातही तीच नावं. नुसत्या नावावर गेलात तर पणजोबा म्हणून भलत्याच घरातला माणूस धरून बसाल. जमिनीचा नंबर सोबत असला की हा गोंधळ होत नाही.

मग सुरुवात अशी करायची. गावात तुमच्या आडनावाची किंवा कुळीची घरं कोणती, त्यांचे गट नंबर (म्हणजे जमिनीचे आजचे नंबर) कोणते, ते आठ अ च्या, म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनी दाखवणाऱ्या उताऱ्यावर मिळतं. आडनाव वेगळं असण्याची शंका असेल तर कुलदैवत कोणतं, देवक काय, गावात कुठल्या वस्तीवर घर होतं, आजी कुठल्या गावची, असलं जे काही घरात कुणाला आठवतंय ते आधी लिहून काढा. आत्या असेल, आजोबांची भाची असेल, त्यांना आजच फोन करा. कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत.

एक गट नंबर मिळाला की त्याचा सातबारा काढा आणि नावं वाचायच्या आधी नावांच्या बाजूला आणि खाली जे "जुने फेरफार क्र." म्हणून कंसात नंबर असतात ते उतरवून घ्या. हे नंबर म्हणजे तुमची खरी वाट. प्रत्येक नंबर म्हणजे गाव नमुना सहामधली एक नोंद, आणि ती नोंद सांगते की जमीन कुणाकडून कुणाकडे का गेली. खरेदी, वाटणी, गहाण, वारस, सगळं त्यातच. आपल्याला हवेत वारसाचे फेरफार.

वारसाचा फेरफार कसा असतो ते जरा जवळून दाखवतो, कारण सगळा इतिहास त्याच्या पाच-सहा ओळींत असतो. रजिस्टरात डावीकडे नंबर, मग मोठ्या रकान्यात मजकूर, त्यानंतर सर्व्हे नंबर आणि हिस्सा, आणि शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही-तारीख. मजकूर साधारण असा: "खातेदार अमुक बिन तमुक हा सुमारे आठ वर्षांपूर्वी मयत. वर्दीवरून नोंद. वारस मुलगे १) अमुक वय २२, २) अमुक वय १४, ३) अमुक अज्ञान वय ७, अ. पा. क. आई अमुक कोम तमुक. नंबर एकचे नाव ए. कु. मॅ. म्हणून दाखल."

आता यातून काय काय निघालं बघा. मयत माणूस आणि त्याचा बाप, म्हणजे दोन पिढ्या. तीन भाऊ आणि त्यांचा क्रम. त्यांची वयं, म्हणजे जन्मसाल अंदाजे. आईचं नाव, जे दुसऱ्या कुठल्याही कागदावर आलं नसतं, ते धाकटा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि आई त्याची पालनकर्ती ("अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता) होती म्हणून आलं. आणि उताऱ्यावर फक्त थोरल्याचंच नाव का आहे त्याचं उत्तरही शेवटच्या ओळीत. तुमचे आजोबा असल्याच एखाद्या नोंदीत दोन किंवा तीन नंबरला बसलेले असणार असा माझा अंदाज आहे. एक सांभाळा, नोंदीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला लोक दहा-दहा वर्षं लावत, पीककर्ज हवं असलं किंवा भांडण निघालं की मगच तलाठ्याकडे जायचे. वयं नोंदीच्या वेळची धरायची, मृत्यूच्या वेळची नाही. आणि शेवटच्या रकान्यात "मंजूर" आहे की "रद्द" ते बघायला विसरू नका, रद्द झालेली नोंदसुद्धा माहिती म्हणून कामाची असते पण मग हरकत कुणी घेतली ते शोधावं लागतं, बहुतेक वेळा हरकत घेणारा भावकीतलाच असतो आणि त्याच्या हरकतीत नातं लिहिलेलं असतं.

मुलींचं सांगतो, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९५६ चा वारसा कायदा यायच्या आधीच्या नोंदींत मुली क्वचित दिसतात. त्यानंतर मात्र त्यांची नावं यायला लागली आणि बऱ्याचदा सासरच्या नावानिशी आणि गावानिशी, पुढे पुन्हा दुसऱ्या फेरफाराने हक्कसोड करून ती नावं कमीही झाली. कमी झाली म्हणून सोडून देऊ नका. आजोबांची बहीण कुठल्या गावात दिली होती हे त्या एका ओळीत असतं, आणि मुंबईला गेलेल्या भावाबद्दल आठवणी, फोटो, पत्रं कुठे टिकतात तर बहिणीच्या घरी. गावातल्या घराने जमिनीच्या तिढ्यापायी नाव काढणं बंद केलेलं असतं, तेव्हाही बहिणीच्या घरात मामाचं नाव निघत असतं. जिवंत नातेवाईक शोधायचे असतील तर माझ्या मते हा सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे.

फेरफारामागून फेरफार असं मागे जाताना एका ठिकाणी हमखास अडकाल. गट नंबर अचानक बंद होतो आणि मागे काहीच नाही. कारण गट हे एकत्रीकरण योजनेनंतरचे, तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा आणि योजना गावोगाव त्यानंतर वेगवेगळ्या वर्षी लागू झाल्या. त्याआधी सर्व्हे नंबर आणि हिस्से होते. जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते भूमी अभिलेख कार्यालयात "नऊ तीन, नऊ चार" च्या उताऱ्यावर मिळतं, तिथे असंच बोलतात, तसंच मागा. योजनेत जमिनींची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून आज घराणं कसतंय तीच जमीन पणजोबांची असं गृहीत धरू नका. त्याच्याही मागे जायला कडई पत्रक मागा, त्यात सर्व्हे नंबर-हिस्सावार खातेदार मिळतात आणि गावातली सगळी भावकी एका ठिकाणी दिसते.

गावचे फेरफार सुरू होतात हक्कनोंदीपासून. मुंबई इलाख्यात तो कायदा १९०३ चा, पुढे १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घेतला. म्हणजे या वाटेने तुम्ही साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाल, आणि त्या वेळी जो म्हातारा खातेदार होता त्याच्या बापाचं नाव "बिन" च्या पुढे असेल, ते धरून १८२०-३० च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत. पाच-सहा पिढ्या झाल्या. साध्या शेतकरी घराला एवढं मिळालं तर खूप मिळालं असं मी मनापासून मानतो. त्याच्या मागे ब्रिटिश मोजणीचे कागद आहेत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण तिथे पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार यांचे वतनाचे कागद सापडतात, साधा कुणबी किंवा बलुतेदार नावानिशी सापडेलच असं नाही. घराण्याकडे वतन होतं असं कुणी सांगत असेल तर मात्र तिकडे जरूर जा.

घर शेतकऱ्याचं नसून बलुतेदाराचं किंवा महार वतनाचं असेल तर आणखी एक दार आहे. इनाम वर्ग सहा ब अशी नोंद जुन्या उताऱ्यावर दिसली की ती महार, रामोशी अशा गावकामगारांच्या वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं गेली आणि जमिनी रीग्रँट झाल्या, म्हणजे त्याच वतनदारांना परत दिल्या गेल्या, त्या रीग्रँटच्या कागदात वतनातले हिस्सेदार नावानिशी येतात. सातबाऱ्यावर एका-दोघांची नावं असतात, त्या फाईलीत सगळी भावकी असते. तसंच घर कुळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत असेल तर १ एप्रिल १९५७ म्हणजे कृषक दिनानंतरची ३२ ग ची, म्हणजे कुळाला जमीन विकत मिळण्याच्या चौकशीची फाईल मागा. तिच्यात कुळाचे जबाब असतात, "ही जमीन माझा बाप कसत होता, तो मेल्यावर मी कसतो" अशा भाषेत, त्या माणसाने तलाठ्यासमोर, मामलेदारासमोर सांगितलेलं. पणजोबांचे शब्द कागदावर वाचायला मिळतात, याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता जन्म-मृत्यूची नोंद. ही मी दुसऱ्या नंबरला ठेवतो, कारण वयं कळल्याशिवाय हे रजिस्टर चाळणं म्हणजे फुकटची मेहनत. गाव नमुना नंबर चौदा, बोलताना कोतवाल बुक म्हणतात. १ एप्रिल १९७० पासून नवीन कायद्याने नोंदी व्हायला लागल्या, ते दप्तर ग्रामपंचायतीत मिळतं, त्याच्या आधीचं बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात. त्यात मुलाचं नाव शोधू नका, बारसं बाराव्या दिवशी आणि नोंद त्याआधीच, म्हणून नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव असतं. बापाच्या नावाने, अंदाजे सालाच्या मागे-पुढे तीन-चार वर्षं असं बघायचं. मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना असतो, ताप, पटकी, देवी, प्लेग. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं हातात आली तर मन घट्ट करून वाचा, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ होती ती, एकाच घरातल्या चार नोंदी एका आठवड्यात दिसतात. फेरफारात अज्ञान मुलाची आई किंवा चुलता पालक का झाला, त्याचं कारण कधीकधी या पानांवर मिळतं.

शाळेचं जनरल रजिस्टर जरूर बघा. जिल्हा परिषदेची गावातली प्राथमिक शाळा जुनी असेल तर आजोबांचं नाव, जात, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारण मिळेल, "मुंबईस गेला" असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलंय. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा, साल तेवढं अंदाजाला घ्या.

१९३० च्या आसपासपर्यंतचं बरंच लिखाण मोडीत आहे, त्याने घाबरू नका. आधी फोटो किंवा नक्कल मिळवा, वाचणारा नंतर मिळतो. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, तिथून तयार झालेले जाणकार प्रत्येक जिल्ह्यात आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं जे मोठं काम झालं त्यात अनेक तहसीलची जुनी दफ्तरं उघडली गेली, मोडी पानं तपासली गेली, स्कॅन झाली. तुमचा त्या प्रश्नाशी संबंध असो नसो, त्यामुळे आज अभिलेख कक्षातलं रजिस्टर सापडायची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच चांगली आहे.

अर्ज कसा करायचा. तहसीलदारांच्या नावे नकलेचा अर्ज, त्यात "माझ्या घराण्याची सर्व माहिती मिळावी" असं कधीही लिहू नका, तो अर्ज परत येणार. गाव, नमुना नंबर, फेरफार क्रमांक किंवा साल, एवढंच आणि नेमकं. एका अर्जात पाच-सहा फेरफार मागा. रजिस्टर सापडत नाही म्हणाले तर तोंडी ऐकून परत येऊ नका, "आढळ होत नाही" किंवा "जीर्ण" असं लेखी घ्या, आणि तोच फेरफार तलाठी दफ्तरात दुसऱ्या प्रतीत आहे का ते विचारा. माहितीच्या अधिकारात अवलोकनही मागता येतं, स्वतः बसून पानं बघता येतात, आणि अशा शोधाला तेच जास्त उपयोगी कारण शेजारच्या पानावर काय आहे ते तुम्हालाच कळणार, कारकुनाला नाही.

कागदाबाहेरची दोन ठिकाणं. तुमच्या भागात हेळवी येतात, बैल घेऊन गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ सांगणारे. गावात विचारा तुमच्या भावकीचा हेळवी कोण आणि कधी येतो. दुसरं, पंढरपूर आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गाव आणि आडनाव सांगितलं की त्या उघडतात, घरातलं कुणी कधी गेलं असेल तर सोबत कोण कोण होतं ते लिहिलेलं असतं. या दोन्हीकडची माहिती फेरफाराशी ताडून बघा, एक दोन नावं जुळली की बाकीच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. उलट, प्रतिज्ञापत्रावर केलेली वंशावळ कुणी दाखवली तर तो पुरावा धरू नका, ती माणसाने स्वतः सांगितलेली असते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गावात जाऊन थेट तलाठ्याकडे फेरफार मागायला लागलात तर संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी जाते की मुंबईवाला हिस्सा मागायला आलाय. एकत्र कुटुंबाची जमीन असल्यामुळे त्यांची भीती खोटी नाही. म्हणून आधी घरी जा, ज्येष्ठ माणसाच्या पाया पडा, सरळ सांगा की जमीन नकोय, माणसं शोधतोय. आणि खरंच नको असेल तरच तसं सांगा. तुमच्या मनात हक्काचाही विचार असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याला वकील लागेल आणि तेव्हा हे माणसं शोधायचं काम अवघड होईल, दोन्ही एकदम जमत नाहीत.

थोडक्यात क्रम असा: सांगली जिल्हा धरून गाव आणि आजचा तालुका पक्का करा, भावकीचे गट नंबर, सातबाऱ्यावरचे जुने फेरफार, त्यातले वारसाचे वेगळे काढा, गट बंद झाला की नऊ तीन-नऊ चार, मग कडई, आणि वयं हाताशी आल्यावर कोतवाल बुक. पहिला सातबारा हातात आला की त्यावरचे सगळे फेरफार नंबर मला कळवा, खातेदारांची नावं झाकली तरी चालतील. त्यातला सगळ्यात लहान नंबर आणि त्याच्या वरचे दोन-तीन आधी मागवायचे, मोडीत निघाले तर मी वाचून देतो.